पायऱ्यांवरची बाई मागून कशी आली

राघूअण्णांचा फोन आला तेव्हा मी महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात, कानांवर हेडफोन चढवून, एका नव्या फोनचा स्पीकर तपासत बसले होते. राघूअण्णा म्हणजे पद्माक्काचे थोरले भाऊ. "शुभा, पद्मी गेली ग... स्वल्प झोप लागली म्हणून दार ओढून घेतलं होतं, बघायला गेलो तर..." एवढं बोलून ते थांबले. दोन महिन्यांपूर्वी निघालेल्या पोटाच्या दुखण्यानं जी वाट धरली होती ती पाहता हा फोन येणार हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी व्हायचं ते झालंच. समोरच्या पडद्यावरचं दिसेनासं झालं, शेजारची मुलगी पाणी घेऊन आली. पण खरं सांगू?... त्या सगळ्याच्या आधी, अगदी पहिल्या क्षणाला, माझ्या मनात आलं ते वेगळंच होतं. मनात आलं, गेली ना ही! आता हिला ते कधीच कळायचं नाही. आणि त्यात दुःखापेक्षा चरफड जास्त होती.

'ते' काय, हे सांगायलाच लिहायला बसले आहे. आज सहा आठवडे झाले. या दिवसांत पद्माक्काबद्दल जे जे छापून आलं ते सगळं मी वाचलं. तिचा कान, तिची नजर, तिचा साधेपणा. विहिरी, खाणीतले डोह, देवळांमागची तळी, जमिनीखालच्या टाक्या, किल्ल्यातली दारूगोळ्याची कोठारं, असल्या जागांचे आवाज टिपणारी एकटी बाई. एकटी! बाप्पा! चार मायक्रोफोन, ते बसवायची चौकट, चाळीस-चाळीस फुटांच्या वायरी आणि दगडांचं वजन हे सगळं काय हवेतून तरंगत जायचं? तिच्या शेजारी चौदा वर्षं एक बाई उभी होती. वायरी गुंडाळत होती, हिशेब करत होती आणि आतल्या आत जळत होती. कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते.

आमची ओळख झाली ती आमच्या सोसायटीच्या गणपतीत. मी नागपूरहून नुकतीच आले होते. इंजिनिअर, त्यातून आवाजाचं काम करणारी, म्हणून मंडळानं माईकची जबाबदारी माझ्यावर टाकली. आरती सुरू झाली की स्पीकर किंचाळायचा. मी बटणं फिरवून फिरवून घामाघूम झाले. तेवढ्यात कोणाकडे तरी पाहुणी आलेली एक उंच, किडकिडीत बाई उठली, डोळे मिटून क्षणभर उभी राहिली, आणि एक स्पीकर हातभर सरकवून भिंतीकडून किंचित वळवला. किंचाळणं बंद. "आता सरी," कानडी वळणानं म्हणाली, म्हणजे आता ठीक, आणि जाऊन खाली बसली. माझ्याकडे पाहून हसलीसुद्धा. मंडळातल्या बायका म्हणाल्या, ह्या पद्माक्का, इथल्याच, ह्यांच्या घरी दहा पिढ्यांपासून मराठी. मी मनात म्हटलं, असतील! पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती ती गेलीच. प्रसाद वाटून झाल्यावर मीच तिच्याकडे गेले आणि विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? "कळतं की," ती म्हणाली. बस्स. एवढंच उत्तर. चार वर्षं कॉलेजात घासून मला जे कळलं नाही ते हिला कळतं की!

मग मी तिच्या घरी जायला लागले. का, ते विचारू नका. ज्या गोष्टीनं जळतो तिच्याच अवतीभवती माणूस घुटमळतो, निदान माझं तरी तसं झालं. त्यांचं घर जुनं, अंगणात जमिनीखाली पाण्याचा भला मोठा संप, म्हणजे टाकी. वर्षातून एकदा तो उपसून धुवायचे. त्या दिवशी पद्माक्का शिडी लावून रिकाम्या संपात उतरायची, आणि मला म्हणायची, "बा ग शुभे, ये आत, घाबरतीस काय!" आत गेलं की आपला श्वाससुद्धा दुसऱ्या कोणाचा वाटायचा. एकदा तिनं एक टाळी वाजवली, ऐकली आणि म्हणाली, "सहा सेकंद घुमतोय. मागच्या वर्षी स्वल्प कमी होता, भिंतीला शेवाळ होतं." मी लॅपटॉप काढला, घुमणं मोजायला फुगा फोडला, आलेख काढला. सहा सेकंद. सहाला एक टिंब इकडे नाही की तिकडे नाही. मी तो आकडा तिला सांगितलाच नाही. म्हटलं, नीट आलं नाही, पुन्हा घ्यावं लागेल. असला माझा स्वभाव.

पण एक गोष्ट तिला येत नव्हती आणि मला येत होती, ती म्हणजे पाण्यातली दिशा. हवेत आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळतं. एका कानाला तो आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित नंतर. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगानं धावतो, त्यामुळे दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच पोचतो आणि सगळं डोक्याच्या मधोमध ऐकू येतं. पद्माक्का बरीच वर्षं पाण्यात एकेक मायक्रोफोन सोडून बघत होती आणि कुरकुरत होती, "पाणी चपटं येतंय ग." मी कागद घेतला, गणित केलं आणि म्हटलं, अंतर वाढव. कानाकानांतलं जे अंतर आहे त्याच्या साडेचारपट. नळाच्या प्लास्टिकच्या पाइपांची चौकोनी चौकट मी स्वतः बनवली. आत पाणी शिरून ती बुडावी म्हणून भोकं पाडली आणि चार कोपऱ्यांना चार हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, बांधले. पुढचे दोन, मागचे दोन. ऐकताना खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावायचे आणि मधे बसायचं, म्हणजे आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पद्माक्कानं मला कडकडून मिठी मारली. "अय्यो शुभे, काय डोकं ग तुझं!" त्या दिवसापुरती मी सुखी होते. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत तिचं नाव आलं, आणि सर्वांत खाली, चहावाल्याच्या वर, 'आभार'मध्ये माझं.

आता ते कल्याणीचं. देवनहळ्ळीच्या पुढे, जिथे द्राक्षाच्या मळ्यांत एकेक करून प्लॉट पडत चालले होते, तिथे एका लहानशा देवळाची कल्याणी आहे, म्हणजे चारी बाजूंनी दगडी पायऱ्या असलेलं चौकोनी तळं. सात वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. जाताना गाडीत पद्माक्कानं सहज सांगितलं, परदेशातल्या एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलंय. "दोघींना?" मी विचारलं. "माझंच नाव लिहिलंय त्यांनी... मी लिहीन की त्यांना तुझ्याबद्दल." लिहीन की! मग उरलेला रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला. तळ्यावर पोचल्यावरही माझं तोंड फुगलेलंच होतं. वायरी रेकॉर्डरला जोडायचं काम माझं. हात सवयीनं चालत होते आणि डोकं कुढत होतं. जोडून झाल्यावर मी दूर, वरच्या पायरीवर जाऊन बसले. ती खाली पाण्याशी. चौकट सोडली, बराच वेळ काही नाही. मासे, एखादा बुडबुडा, लांबवर मोटारपंप. मग आमच्या अगदी समोरच्या पायऱ्यांवरून एक बाई उतरली, कळशी घासली, दोन बोटांनी कुंकू लावल्यासारखं पाणी कपाळाला लावलं, कळशी बुडवली आणि गेली. मला दिसलं ते एवढंच. पण पाण्याखाली तिच्या टाचा दगडातून जात होत्या, बांगड्या वाजत होत्या, कळशी घटाघटा पीत होती. ते सगळं चौकटीनं टिपलं.

मी ते ऐकलं चार महिन्यांनी, इंदिरानगरातल्या एका चित्रांच्या गॅलरीत. तोवर पद्माक्का ते परदेशात वाजवून, वाहवा घेऊन आली होती. गाद्या टाकलेल्या, कोपऱ्यांत चार स्पीकर, पन्नासेक माणसं दाटीवाटीनं बसलेली. पाणी सुरू झालं. खरंच सांगते, अंगावर शहारा आला. आणि मग ती बाई पायऱ्या उतरायला लागली... मागून! पन्नास माणसांच्या माना एकदम मागे वळल्या. एका बाईंनी तोंडावर हात घेतला. मी मात्र समोरच बघत राहिले. ती बाई आमच्या समोर होती. मी डोळ्यांनी पाहिली होती. घरी येऊन वायरींवरच्या रंगीत पट्ट्या तपासल्या, त्या दिवशीची माझी टिपणवही काढली, आणि कळलं. पुढचे दोन मी मागे आणि मागचे दोन पुढे जोडले होते. असली चूक आमच्याकडे पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा करत नाहीत.

आणि लोकांना वेड लावलं होतं ते नेमकं त्या चुकीनं! त्या संध्याकाळी प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं होतं, त्या बाईला मागून आणायचं तुम्हाला सुचलं कसं? पद्माक्का गालातल्या गालात हसली, गर्दीत मला शोधलं आणि म्हणाली, "ती आली तशी आली. काय ग शुभे?" मला वाटलं, काय हा तोरा! त्यानंतर ते कल्याणीचं रेकॉर्डिंग कुठे कुठे गेलं, किती जणांनी त्यावर लिहिलं. सगळ्यांच्या लिहिण्यात ती मागून येणारी बाई.

मी तोंड उघडलं नाही. आधी लाजेनं. हिशेब म्हणजे शुभा आणि शुभा म्हणजे हिशेब, एवढीच तर माझी किंमत होती, तीही जाईल म्हणून. पण पुढे पुढे लाज गेली आणि मला त्याची गोडी लागली. कारण बघा ना, एवढा तिच्या कानाचा बोलबाला, आणि त्या कानाला पुढचं मागे गेलेलं कळलं नाही! तिला कुठे पुरस्कार मिळाला, पेपरात अर्धं पान फोटो आला, पत्रिकेत मी पुन्हा 'आभार'मध्ये उतरले, की मी मनात म्हणायची, हसा, हसा, मला माहितीय. जिभेखाली लवंग धरावी तसं ते मी सात वर्षं धरून बसले. तिच्याहून मोठं असं माझ्याकडे तेवढंच एक होतं.

शेवटची भेट झाली ती ती जाण्याच्या आठ दिवस आधी. पलंग खिडकीशी घेतला होता. हात काडीसारखे झाले होते, पण बोलणं तेच. मी आल्याआल्या म्हणाली, "चप्पल बदललीस. ही डावीकडं घासतीय." इकडचं तिकडचं बोललो. मी उठले, पुन्हा बसले. सांगून टाकावं असं फार वाटत होतं. मन मोकळं करायला नव्हे हो, उगाच स्वतःला चांगलं कशाला म्हणू? मला तिचा चेहरा पाहायचा होता. तिच्या कानानं एकदा दगा दिला होता हे तिला कळताना मला पाहायचं होतं. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काय ग? काही सांगायचंय?" मी म्हटलं, "नाही गं, काही नाही." "सरी," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी राघूअण्णांनी विचारलं, तेराव्याला सगळे जमतील तेव्हा तिचं कल्याणीचं लावूया, तू येऊन स्पीकर जोडून देशील न? देईन म्हटलं. आणि तिथल्या तिथे माझा बेत ठरला. मी ते सरळ लावणार होते. बाई समोरून आणणार होते. आणि सगळ्यांचे चेहरे पडले की उठून सांगणार होते, की मंडळी, ही खरी कल्याणी. तुम्ही सात वर्षं जिच्यावर लिहिलंत ती माझ्या हातून झालेली चूक होती, आणि तुमच्या पद्माक्काला ती ओळखू आली नव्हती. माणसाच्या तेराव्याला! वाचताना तुम्हाला माझी किळस येत असेल तर येऊ द्या. मलाही आता येते. पण तेव्हा मला भीती वाटत नव्हती, हुरूप आला होता. 'आभार'मधून एकदा तरी वर येणार होते मी.

नुसत्या स्पीकरांच्या वायरी बदलल्या असत्या तरी भागलं असतं. पण मला पुरावा हवा होता, उद्या कोणी खोटं म्हणायला नको. म्हणून बाराव्या दिवशी सकाळी मी तिच्या माडीवरच्या खोलीत गेले. मूळ, न कापलेली रेकॉर्डिंगं ती स्वतःजवळच ठेवायची, कापाकापी एकटी करायची, मला कधी दाखवायची नाही. राघूअण्णांनी कपाट उघडून दिलं, कॉफीचा पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघ तुझं तू, मला त्यातलं काय कळतं." डिस्कवर तिच्या वळणदार अक्षरात 'कल्याणी' लिहिलेलं होतं. मी हेडफोन लावले आणि पडद्यावर चारही मायक्रोफोनांच्या रेघा उघडल्या.

पाण्यात सोडण्याआधी एकेका मायक्रोफोनवर नखानं टिचकी मारायची आणि त्याचं नाव घ्यायचं, ही आमच्या कामातली साधी शिस्त. कुठला कुठे जोडलाय ते नंतर ओळखू यावं म्हणून. त्या दिवशी मी रुसून लांब बसले होते, तेव्हा ते तिनंच केलं होतं. "पुढचा डावा," ती म्हणाली. टिचकी आली मागून. "पुढचा उजवा." मागून. मग "मागचा डावा", "मागचा उजवा", दोन्ही पुढून. मग फक्त तिचा श्वास. आणि मग अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात: "शुभीनं पुढचं मागं जोडलंय... तोंड बघ कसं करून बसलीय. आत्ता सांगितलं तर रडंल. असू दे. असंच ऐकूया." आणि चौकट पाण्यात बुडाल्याचा आवाज.

मी ते तीनदा ऐकलं. कॉफी गार झाली. मला रडू आलं म्हणावं तर तसंही नाही, संताप आला. म्हणजे ऐकायला लागायच्या आधीच हिला माहीत होतं! समोरचं मागून येणार हे जाणून तिनं ठरवूनच ऐकलं होतं, ठरवूनच ठेवलं होतं. गॅलरीत "काय ग शुभे" म्हणाली ते तोरा दाखवायला नव्हतं. पलंगावरून "काही सांगायचंय?" विचारलं ते उगाच नव्हतं. सात वर्षं मी जे माझं म्हणून धरून बसले होते ते आधीपासून तिचंच होतं. माझी चूकसुद्धा माझी राहिली नाही हो! आणि वर ती मला सांभाळून घेत होती. माझ्यासारखीला सगळं सोसतं, पण कोणी सांभाळून घेतलेलं सोसत नाही.

तेराव्याला मी स्पीकर जोडले, तिनं ठेवलं होतं तसेच. पाणी सुरू झालं, बाई मागून आली, माणसांनी माना वळवल्या, राघूअण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, काय कान होता! मी म्हटलं, हो. उठून काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे उरलंच काय होतं?

डिस्क राघूअण्णांनी मलाच दिली. ती आता माझ्या टेबलावर असते. ऑफिसातून आले की मी तिचं पहिलं एक मिनिट ऐकते, चार टिचक्या आणि ती दोन-चार वाक्यं. पुढचं तळं ऐकतच नाही. तिचा आवाज असा कानाशी येतो की वाटतं, आत्ता मागं वळून काहीतरी ठणकावून सांगावं. अगं, रडले असते तर रडले असते! बोलायचं होतंस ना तिथल्या तिथे. मीही ओरडले असते, तूही ओरडली असतीस, पत्रिका, आभार, परदेश, सगळं एकदाचं निघालं असतं. आठ दिवस बोललो नसतो, मग तूच फोन करून "साकु ग आता, पुरे झालं, बा घरी" म्हणाली असतीस... ते भांडण मी सात वर्षं तुझ्यासाठी जपून ठेवलं होतं, पद्माक्का. आणि तू ते माझ्यावाचून, पाण्याच्या काठावर, एका दमात उरकून टाकलंस.